गजाला लावलेलं खोबरेल

माझ्या नाकावर राग असतो, हे अमरावतीत आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. मी व्हायोलिनची पेटी घेऊन निघालो की ते उठून बाजूला होतं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि संध्याकाळी व्हायोलिनची साथ केली. कीर्तन असो, नाट्यगीतांचा कार्यक्रम असो, शाळेचं गॅदरिंग असो, बोलावलं की गेलो. कचेरीत साहेबांपुढे राग गिळावा लागायचा, तो घरी येऊन बाहेर पडायचा. घरात दोनच माणसं होती, बायको आणि मुलगी. बायकोने तो कधी मनावर घेतला नाही. मुलीने घेतला.

ही मुलगी आता अकोल्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. एका मार्चमध्ये तिचा फोन आला. नागपूरचा कुठलासा संगीत वर्ग बंद पडला होता आणि तिथली एकवीस छोटी व्हायोलिनं, शिवाय एक गज नसलेलं, तिच्या शाळेला मिळाली होती. मे महिन्यात पहिली ते चौथीच्या मुलांसाठी बारा दिवसांचं शिबिर घ्यायचं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पालकांसमोर वाद्यवृंद सादर करायचा, असं शाळेने ठरवलं होतं. शिकवायला कोणी मिळत नव्हतं. अकोल्याच्या मे महिन्यात बाहेरगावचा माणूस पैसे देऊनही येत नाही.

"बाबा, तुमीच या," ती म्हणाली. "पण एक अट हाये. पोरायवर वरडायचं नाही. एकडाव जरी वरडले ना, तं दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसवून देईन तुमाले."

मी हो म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की तिने अट पुन्हा एकदा म्हणून दाखवली.

ती अट मुलांसाठी होती, पण तिच्यामागे काय होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती नऊ वर्षांची असताना मी तिला व्हायोलिन शिकवत होतो. आमच्या वस्तीच्या गणपतीत तिला वाजवायला बसवलं. पहिलाच सा लावायचा होता. गज तारेवर नीट बसला नाही आणि सूर घरघरला. दुसऱ्यांदाही घरघरला. समोर शेजारीपाजारी बसलेले. मी ओरडलो, आणि सगळ्यांच्या देखत तिच्या हातातून गज ओढून घेतला. तिने व्हायोलिन खाली ठेवलं, फ्रॉक सारखा केला आणि आईजवळ जाऊन बसली. त्यानंतर तिने व्हायोलिनला हात लावला नाही. मीही कधी लाव म्हटलं नाही. याला अठ्ठावीस वर्षं झाली. मोठेपणी ती माझ्याशी चांगलंच वागते, सणावाराला येते, औषधांची चौकशी करते. पण मी जरा तोंड उघडलं की तिची मान झटकन वर होते आणि ती माझ्याकडे बघते. तेवढं एक तिच्या अंगातून गेलं नाही. मला या शिबिरात दुसरं काहीच मिळवायचं नव्हतं. बारा दिवस ओरडायचं नाही आणि ती मान वर होणं थांबतं का ते बघायचं, एवढंच मनात होतं.

"तुमच्याच्यानं होत नाही," बायको म्हणाली, आणि लवंगांची डबी माझ्या पिशवीत टाकली. "राग आला की एक तोंडात टाकायची. तोंडात लवंग असली की माणसाले वरडता येत नाही."

बदनेऱ्याहून गाडीत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत दोन लवंगा संपल्या, कारण माझ्या राखीव जागेवर एक गृहस्थ पाय पसरून बसले होते.

शिबिर सकाळी आठ ते साडेदहा. त्यानंतर अकोल्यात कावळाही बाहेर पडत नाही. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या, कोपऱ्यात कूलर घरघर करत होता. मुलं आली ती सगळी डोक्याला फडकी बांधून आणि खिशात कांदा घेऊन. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे कांदा देतात हे मला काही नवीन नाही, पण एकवीस कांदे एका हॉलमध्ये असले की तिथे बसून भूप राग शिकवणं वेगळंच असतं. मी त्यांना आपल्या पद्धतीने, मांडी घालून बसायला शिकवलं. व्हायोलिनचं एक टोक छातीशी, दुसरं पायाच्या घोट्यावर. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकदम गज ओढला. एकवीस दारांच्या बिजागऱ्या एकदम कुरकुराव्यात तसा आवाज आला. मी तीन लवंगा खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी एकाने गजाने दुसऱ्याचा कांदा टोलवला. एक लवंग. पहिलीतल्या एका मुलीने व्हायोलिनला गरम होतं म्हणून ते ओल्या फडक्यात गुंडाळून कूलरसमोर ठेवलं. खुंट्या फुगून बसल्या, फिरता फिरेनात. दोन लवंगा. मुलं माझ्याकडे बारकाईने बघत होती. तिसऱ्या दिवशी एकजण माझ्या मुलीला सांगताना मी ऐकलं, "बाई, सरचे दात लय दुखून राहिले. सारखी लवंग खातात ते." चौथ्या दिवशी तिघांच्या आयांनी दातावरचं औषध पाठवलं.

आणि माझी मुलगी हजेरीपट घेऊन दारात बसायची. मी कुणाला "अरे" म्हणालो की मान वर. "थांब" म्हणालो की मान वर. मी लवंग चघळत "शाब्बास" म्हणायचो तेव्हाही मान वरच. मला वाईट वाटायचं. पण माझंच पेरलेलं होतं, तक्रार कुणाकडे करणार?

गजाविषयी मी फार सोवळा आहे. माझा गज दुसऱ्याने हातात घेतलेला मला चालत नाही. बायको धूळ पुसताना पेटी बाहेरून पुसते, उघडत नाही. म्हणून मी मुलांना पहिल्याच दिवशी गजावर एक भाषणच दिलं. हे घोड्याच्या शेपटीचे केस आहेत. वाजवायच्या आधी त्यांना राळ घासायची, म्हणजे ते तारेला धरतात आणि सूर निघतो. वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करून केस मोकळे सोडायचे. आणि शेवटी, भाषण रंगल्यावर माणूस एक वाक्य जास्तीचं बोलतो तसा मी बोललो, "आपल्या केसांची घेता ना, तशी काळजी घ्यायची यांची!" मुलांनी मोठ्याने हो म्हटलं.

त्यांना मी दोनच गोष्टी शिकवल्या. एक, भूपातली एक लहानशी धून, मीच बसवलेली. दुसरी, धुनेच्या आधीचा लांब सा. मी चार टाळ्या द्यायच्या आणि त्या चार टाळ्यांत सगळ्यांनी मोकळ्या तारेवर गज या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा, मध्ये न थांबता. आठ दिवस तो सा काही येईना. कुणाचा आधी संपायचा, कुणाचा मध्येच तुटायचा, कुणाचा कांदा खिशातून घरंगळला की सगळे सूर त्याच्यामागे जायचे. नवव्या दिवशी तो आला. एकवीस गज एकाच वेळी निघाले आणि एकाच वेळी पोहोचले. हॉल भरून गेला नुसता. मी मोठमोठ्या गवयांना साथ केली आहे, पण त्या सकाळी जेवढा आनंद झाला तेवढा आधी कधी झाल्याचं आठवत नाही. त्या दिवशी एकही लवंग लागली नाही. मुलं म्हणाली, "सरची दाढ बसली वाटते."

बारावा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाला कार्यक्रम, सकाळी शेवटची तालीम. मी आणि मुलगी खुर्च्यांचं बघायला ऑफिसात गेलो होतो. दहा मिनिटांनी हॉलकडे आलो तर दारातच वास आला. पहिल्यांदा मला वाटलं, कुणाच्या आईने मुलाच्या डोक्यावर बाटली उपडी केली असेल. आत गेलो.

एकवीस मुलं गोल करून बसली होती. मध्ये खोबरेल तेलाच्या बाटल्या, वाट्या, फण्या, कापलेली लिंबं. प्रत्येकाच्या मांडीवर गज. केस मोकळे सोडलेले, तेलाने चपचपीत, नीट विंचरलेले. एका गजाला लाल रिबीनही बांधली होती.

"सर, झालंच जी!" तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. चुणचुणीत पोरगी, तिच्या वडिलांचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. काहीही करायचं असलं की पोरं तिच्या मागे असायची. "काल ठरवलं होतं आमी. लय कोरडे झाले होते केस. आन कोंडा तं इतका, इतका! पांढरा पांढरा पडून राहिला होता. माही अम्मी कोंड्याले लिंबू पिळून तेल लावते. मंग आमीबी लावलं सगळ्याइले."

तो कोंडा म्हणजे मी बारा दिवस त्यांच्याकडून घासून घेतलेल्या राळेची पूड.

माझं तोंड उघडलं. पोटातून आवाज निघाला होता, छातीपर्यंत आलाही होता. शेजारी माझ्या मुलीची मान वर झाली. मी डबी उघडली आणि हाताला आल्या तेवढ्या लवंगा तोंडात टाकल्या. चार असतील, पाच असतील. जीभ जळायला लागली, डोळ्यांतून पाणी. आणि तशात ती पोरगी अगदी कळवळून म्हणाली, "सर, दाढ आजच दुखायची होती का हो?"

मला हसू फुटलं. असं फुटलं की एक लवंग उडून लिंबाच्या वाटीत पडली. मग मला थांबताच येईना. आपल्या केसांची घेता तशी काळजी घ्या, असं मीच सांगितलं होतं! पोरांनी माझा शब्द खाली पडू दिला नव्हता. मुलंही हसायला लागली, कशाला ते न कळता. माझी मुलगी मात्र अनोळखी माणसाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. मग ती दाराच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून हसली.

हसून झाल्यावर खरी पंचाईत कळली. तेलाचा गज तारेवरून नुसता घसरतो, सूर म्हणून निघत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट दोन गजांत संपलं. शाम्पू आणून नळाखाली केस धुतले आणि उन्हात धरले. नऊ वाजताच्या उन्हात ते पाच मिनिटांत वाळले, पण वाळले ते फुगून, गुंता होऊन, आणि तेलकटपणा काही गेला नाही. पोरांना आता कळलं होतं. लाल रिबीनवाला रडायला लागला. ती तिसरीतली तर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"काहून वाजून नाही राहिलं सर?" कुणीतरी विचारलं.

मी समजावून सांगितलं. शांतपणे सांगितलं, माझंच मला नवल वाटलं. भिंतीकडे तोंड केलेली वळली. नाक पुसलं आणि म्हणाली, "माह्या अब्बूच्या धुनकीले कुठं केस असतात जी? ते तं अशीच वाजते."

धुनकी म्हणजे कापूस पिंजायची, ताणलेल्या तारेची कमान. आता त्यांच्या दुकानात मशीन आलंय, पण ती जुनी धुनकी भिंतीला टांगलेली आहे आणि ही पोर येता जाता तिला बोट लावते. तिने व्हायोलिन उचललं, पायावर टेकवलं आणि गज बाजूला ठेवून नुसत्या बोटाने तार छेडली. टुंग. सा स्वच्छ आला. मग रे. मग ग. सगळी धून तिने बोटाने छेडून दाखवली. बाकीच्या वीस जणांनीही न सांगता गज बाजूला ठेवले.

दहा वाजेपर्यंत धून बसली. खरं सांगायचं तर गजापेक्षा बरी वाजत होती. पण तो लांब सा! छेडलेला सूर टुंग म्हणतो आणि मरतो, चार टाळ्या टिकत नाही. नऊ दिवस खपून आणलेला तो सूर गेला याचं मुलांना फार लागलं. "सर, सा नाही का मंग आपला?" असं पहिलीतल्या एकाने विचारलं.

शाळेत चांगला गज एकच उरला होता. माझा. मी टाळ्या सोडून वाजवायला बसलो असतो तर पोरं शेळ्यांसारखी उधळली असती, त्यांना माझ्या हातांची सवय झाली होती. मी पेटी उघडली, गज काढला आणि दारात हजेरीपट घेऊन बसलेल्या मुलीपुढे धरला.

"मले येत नाही," ती म्हणाली.

"सा तर येतो. मोकळी तार आहे."

"घरघरला तं?"

अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "तेव्हा मी तुझ्या हातातून गज ओढला, ते माझं चुकलं. लहान होतीस तू. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

मुलं ऐकत होती. त्यांना काय कळलं देव जाणे, पण कुणी चुळबूळ केली नाही. मग तिने हजेरीपट बाजूला ठेवला, हात पदराला पुसला आणि गज घेतला.

"आन पोरायनं कोनत्या टाळीवर सुरू करायचं?" तिने विचारलं. शिक्षिकाच ती, तिला कामाचं आधी सुचतं.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. कूलरजवळच्या जागेसाठी दोन आजोबांची बाचाबाची झाली. मुलं इस्त्रीच्या कपड्यांत, तेल लावून, भांग पाडून बसली. तेलाची काही कमी नव्हती. मधोमध माझी मुलगी बसली, शाळेचं ते गज नसलेलं छोटं व्हायोलिन पायावर घेऊन. त्या लहानशा व्हायोलिनवर माझा मोठा गज बेढब दिसत होता. मी समोर उभा राहिलो आणि पहिली टाळी दिली.

सा घरघरला.

माझे हात हवेतच राहिले. तिची मान वर झाली, तिने माझ्याकडे बघितलं. तोंडात लवंग नव्हती, डबी सकाळीच रिकामी झाली होती. मी दुसरी टाळी दिली, पहिलीसारखीच. तिने मान खाली घातली, गज तारेवर जरा दाबून धरला, आणि तिसऱ्या टाळीला सूर उघडला. चौथ्या टाळीपर्यंत तो भरून आला होता. पाचवीला एकवीस बोटं तारांवर पडली आणि धून सुरू झाली. धून पाच वेळा झाली. ती मधूनमधून सा देत राहिली, आणि नंतर नंतर तिने माझ्याकडे बघणंच सोडलं. डोळे मिटून वाजवत होती. माझ्या डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं होतं, टाळ्या मात्र चुकल्या नाहीत.

नंतर धुनकीवाल्या त्या पोरीचे वडील मला भेटायला आले. "आमी म्हटलं पोरगी कलाकार होईन," ते हसत म्हणाले, "ते तं आमच्याच धंद्यात आली जी!" पोरगी शेजारी उभी होती, तिला भारी अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला घरी आलो. बायकोने पेटी माझ्या हातातून घेतली. ती जराशी हलकी लागली असणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ती उघडली.

"अहो, गज?"

"अकोल्याले हाये."

"विसरले?"

"नाही."

तिने पेटी हळूच मिटली. मग चहा ठेवायला आत गेली.

नागपूरच्या दुकानात नव्या गजासाठी सांगून ठेवलंय. तो येईल तेव्हा येईल. तोवर मी संध्याकाळी व्हायोलिन पायावर घेतो आणि बोटांनी छेडतो, पिंजाऱ्याच्या पोरीने शिकवल्याप्रमाणे. आठवडाभराने एकदा असाच बसलो असताना फोन वाजला. बायकोने उचलला, जरा कानाशी धरला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे मोकळ्या तारेवर गज चालला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाबा," सूर थांबल्यावर ती म्हणाली, "अजून घरघरते ना हो."

"घरघरू दे," मी म्हणालो. "तू वाजव."